फोटो आणि सीडी छापण्यासाठी प्रिंटर घेताय? आधी शाई बघा, मग किंमत

लग्नसराई जवळ आली की सातारा-सांगलीच्या तालुक्यांत फोटो स्टुडिओवाले, झेरॉक्स सेंटरवाले आणि नव्यानं धंद्यात उतरणारी पोरं एकच प्रश्न विचारतात, "फोटोसाठी कुठला प्रिंटर घेऊ?" दुकानात गेलं की समोरचा किंमत सांगतो, डीपीआयचा मोठा आकडा सांगतो आणि खोकं काढून ठेवतो. पण गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला फोटो पाच वर्षांनी कसा दिसेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं शाईवरून आणि कागदावरून.

आपल्याकडे ही गोष्ट साधी नाही. गावात कुणी गेलं की दहाव्याच्या आत फ्रेम केलेला फोटो लागतो. तो फोटो पुढं वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो, त्याला हार पडतो, उदबत्ती लागते. घाईत स्वस्त शाईवर काढलेला तोच फोटो दोन-तीन वर्षांत फिका पडला, तर घरच्यांकडे मूळ फाइल बहुतेक वेळा नसते. मोबाइल बदललेला असतो. म्हणून प्रिंटर घेताना काय बघायचं, ते इथं क्रमानं दिलं आहे.

आधी ठरवा, छापायचं काय

पासपोर्ट साइज, ४ बाय ६, श्रद्धांजलीचा ८ बाय १२ आणि अधूनमधून सीडी, एवढंच काम असेल तर ए-४ आकाराचा प्रिंटर पुरतो. १२ बाय १८ पर्यंतचे फोटो रोज लागत असतील तर ए-३ प्लस, म्हणजे १३ बाय १९ इंचांपर्यंत कागद घेणारा प्रिंटर हवा. लग्नाचा १२ बाय ३६ चा अल्बम मात्र कलर लॅबचंच काम आहे. त्यासाठी घरी मशीन आणून फायदा नाही.

लेझर प्रिंटर फोटोच्या कामाचा नाही. त्यात तापलेल्या रोलरखालून कागद जातो, त्यामुळं इंकजेटचा फोटो पेपर आत वितळून चिकटू शकतो. आणि सीडी तर त्यातून जाणारच नाही. अर्ज, सातबारा, झेरॉक्ससाठी लेझर, फोटोसाठी इंकजेट, असे दोन वेगळे प्रिंटर ठेवणं चांगलं.

चार रंग की सहा रंग

झेरॉक्स सेंटरमध्ये दिसणारे बहुतेक टँक प्रिंटर चार रंगांचे असतात : काळा, निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा आणि पिवळा. त्यावर फोटो निघतो आणि बराही दिसतो. पण चेहऱ्याचा गाल, नवरीच्या शालूवरची हलकी सावली, आभाळ अशा ठिकाणी बारीक ठिपके दिसतात. फिकट रंग दाखवायला प्रिंटरला गडद शाईचेच थेंब लांब लांब टाकावे लागतात, म्हणून असं होतं.

सहा रंगांच्या फोटो प्रिंटरमध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा या दोन शाया जादा असतात. काही कंपन्या त्याऐवजी राखाडी किंवा लाल देतात. त्यामुळं चेहऱ्याचा रंग सलग येतो. तुमच्या कामात माणसांचे फोटो जास्त असतील तर सहा रंगांचाच घ्या.

आणखी एक गोष्ट बघा. काही चार रंगांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई फक्त साध्या कागदासाठी असते. चकचकीत फोटो पेपरवर ती वापरली जात नाही, बाकीचे तीन रंग मिसळून काळा तयार केला जातो. मग केस आणि कोट तपकिरी किंवा हिरवट दिसतात. घेण्याआधी दुकानात काळ्या कोटातल्या माणसाचा एक फोटो काढायला सांगा, लगेच कळेल.

डाय शाई आणि पिगमेंट शाई

इंकजेटची शाई दोन जातीची असते. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. ती कागदाच्या थरात मुरते, रंग चमकदार येतो, किंमत कमी पडते. बहुतेक टँक फोटो प्रिंटर डाय शाईचेच आहेत. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या वरच्या थरात बसतात, उजेडाला आणि पाण्याला जास्त टिकतात. पण पिगमेंटचे खरे फोटो प्रिंटर महाग असतात, त्यांची शाईही महाग असते.

गावातल्या स्टुडिओला डाय शाई चालते. फक्त ती मूळ कंपनीची हवी आणि फोटो काचेमागं हवा. काच उजेड थोडा अडवते आणि हवाही अडवते. रंग उडण्यात हवेचाही वाटा असतो. फ्रेम करताना फोटो काचेला थेट टेकवू नका, कडेनं जाड कागदाची पट्टी द्या. नाहीतर पावसाळ्यात ओल धरते आणि फोटो काचेला चिकटतो. मग तो काढताना चेहराच निघून येतो.

बाजारात लिटरवर मिळणारी सुटी शाई निम्म्याहून स्वस्त दिसते. शाळेच्या प्रोजेक्टला ती चालेल. पण भिंतीवर राहणाऱ्या फोटोला वापरू नका. रंग लवकर उडतो, नोझल चोंदतात आणि वॉरंटीचा वाद होतो.

कागद : पाकिटावर काय वाचायचं

फोटो पेपरचं वजन जीएसएममध्ये असतं. १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी कागद पासपोर्ट फोटोला आणि रोजच्या कामाला चालतो. पण त्याचा चकाकणारा थर साध्या कागदावर दिलेला असतो, पाणी लागलं की थर सुटतो. मोठ्या फोटोला आरसी पेपर घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो कुरळा कमी होतो आणि लॅबच्या फोटोसारखा हाताला लागतो. हा साधारण २४० ते २७० जीएसएममध्ये मिळतो.

प्रिंट देताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. ग्लॉसी कागद घालून 'प्लेन पेपर' ठेवलं तर चांगला प्रिंटरसुद्धा फिका फोटो काढतो. "मशीन खराब आहे" अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथंच असतं.

फाइलही तपासा. चांगल्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ४ बाय ६ ला १,२०० बाय १,८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो दाबला जाऊन लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेल राहतो. तो ४ बाय ६ ला जेमतेम पुरतो. तोच १२ बाय १८ केला तर इंचाला ९० पिक्सेलसुद्धा मिळत नाहीत, चेहरा फुटतो. गिऱ्हाइकाला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पैसे न लागता दर्जा सुधारतो.

सीडी-डीव्हीडीवर छपाई : अजून गरज आहे का?

लग्नाचे व्हिडिओ आता बहुतेक पेनड्राइव्हवर जातात. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. भारतात डिस्क बनवणारी मोठी कंपनी मोझर बेअर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत निघाली आणि सोनीनं रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. म्हणजे फक्त सीडी छापण्यासाठी आज नवा प्रिंटर घेणं परवडणारं नाही.

तरी काम संपलेलं नाही. मिरज, सांगली, कराडच्या स्कॅन सेंटरमधून एमआरआय-सीटीची सीडी मिळते. वकील मंडळी कोर्टात ऑडिओ-व्हिडिओ पुरावा डिस्कवर देतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्यातल्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, शाळेचं स्नेहसंमेलन यांच्याही डिस्क कुणी कुणी अजून मागतं. फोटोसाठी घेतलेल्या प्रिंटरला सीडीचा ट्रे असेल तर हे काम वरकमाईचं होतं.

सीडी छापायला दोन गोष्टी लागतात.

१. प्रिंटरसोबत येणारा डिस्क ट्रे. ही प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यात डिस्क सपाट ठेवून सरळ आत सरकवतात. ट्रे खोक्यातच आहे का, ते दुकानात उघडून बघा. नंतर सुटा मिळवणं त्रासाचं आहे.

२. 'इंकजेट प्रिंटेबल' डिस्क. तिचा वरचा भाग पांढरा, शाई शोषणारा असतो. साध्या चंदेरी डिस्कवर शाई थांबत नाही, बोटाला येते.

डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची असते. काही डिस्कवर मधला मोठा भाग छापता येत नाही, तर 'फुल फेस' किंवा 'वाइड' डिस्कवर मधल्या भोकाच्या जवळपर्यंत छापता येतं. सॉफ्टवेअरमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास त्याप्रमाणे टाका. नाहीतर शाई ट्रेवर सांडते आणि पुढच्या डिस्कच्या खालच्या बाजूला लागते.

आधी डिस्क बर्न करा, ती उघडते का तपासा आणि मगच छापा. छापल्यावर दिवसभर वाळू द्या, एकावर एक रचू नका.

डिस्कवर स्टिकर आणि बॉलपेन नको

सीडीत माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर सीडीचा माहिती धरणारा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. त्याच्यावर फक्त लाखेसारखा पातळ थर असतो. म्हणून वरून बॉलपेननं दाबून लिहिलं किंवा स्टिकर ओढून काढला तर सीडी कायमची जाते. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळं ती जरा सुरक्षित असते.

गोल कागदी स्टिकर उन्हाळ्यात कडेनं सुटतात, डिस्क ड्राइव्हमध्ये अडकते. तिरपा बसला तर डिस्क फिरताना थरथरते. प्रिंटर नसेल तर सीडीसाठीचा मार्कर पेन वापरा, तेवढं पुरे.

कार्ड छपाईबाबत सावध

डिस्क छापणारे काही प्रिंटर दुसऱ्या ट्रेवर पीव्हीसी कार्डही छापतात. शाळेचं ओळखपत्र, मंडळाचं, संस्थेचं कार्ड यासाठी हे उत्तम काम आहे. त्यासाठी इंकजेटचं पीव्हीसी कार्ड लागतं, साधं कार्ड शाई धरत नाही. आधार कार्डाच्या बाबतीत मात्र यूआयडीएआयनं २०२२ मध्येच सांगितलं आहे की बाजारात छापलेल्या पीव्हीसी आधारमध्ये सुरक्षेच्या खुणा नसतात, तसं कार्ड वापरू नये. अधिकृत पीव्हीसी आधार त्यांच्या संकेतस्थळावर फी भरून मागवता येतं, ते पोस्टानं घरी येतं. गिऱ्हाइकाला ती मागणी भरून द्या, त्याचे सेवेचे पैसे घ्या.

बाजारात काय दिसतं

स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं चाललेला एप्सन एल८०५ हा सहा रंगांचा, डाय शाईचा, सीडी ट्रे असलेला प्रिंटर होता. त्याच्या जागी आता एल८०५० आहे. तो ए-४ आकाराचा असून सीडी आणि पीव्हीसी कार्ड छापतो. तसाच ए-३ प्लस हवा असेल तर एल१८०५० आहे. कॅननचे जी५७० आणि जी६७० सहा रंगांचे आहेत, त्यांत लाल आणि राखाडी शाई आहे. फक्त फोटोचं काम असेल तर त्यांचाही विचार करा. कुठलंही मॉडेल घ्या, डिस्क छापायची असेल तर माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना घेत असाल तर एक खास चौकशी करा. मग आणि टी-शर्ट छापणाऱ्यांनी अशा बऱ्याच प्रिंटरमध्ये सब्लिमेशन शाई भरलेली असते. ती नळ्यांत आणि हेडमध्ये राहते. त्यावर फोटोची शाई घातली तरी रंग बरोबर येत नाहीत. असा प्रिंटर फोटोसाठी घेऊ नका. बाकी जुन्या मशीनचा समोर उभं राहून नोझल चेक काढून घ्या. रेघा तुटलेल्या असतील तर सोडून द्या.

हेड साफ करताना वाया जाणारी शाई आत एका पॅडमध्ये जमा होते. ते भरलं की प्रिंटर थांबतो. काही मॉडेलला ते घरच्या घरी बदलता येतं, काहींना सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. जत किंवा पाटणहून मशीन घेऊन सांगली-साताऱ्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून हे आधीच विचारा.

आपल्याकडची हवा, धूळ आणि लाइट

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात उन्हाळा कोरडा आणि धूळ भरपूर. इथं शाई नोझलमध्ये वाळते. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान काढा. प्रिंटर रस्त्याकडच्या दारात ठेवू नका, रात्री कापड टाका.

महाबळेश्वर, जावळी, पाटणला उलटं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो, छापलेला फोटो लवकर वाळत नाही. कागदाचं पाकीट झिपच्या पिशवीत ठेवा, लागेल तेवढाच ताव काढा. मोठा फोटो एक दिवस वाळवूनच फ्रेम करा.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंटर बोर्डाच्या बटणावरून बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. छापता छापता लाइट गेली तर हेड उघडं राहतं आणि वाळतं. लाइट आल्यावर लगेच चालू करा, हेड जागेवर गेलं की मग पुन्हा बटणानं बंद करा. इंकजेट छापताना साधारण १० ते २० वॅटच घेतो, घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. लेझरला शेकडो वॅट लागतात.

खर्चाचा हिशोब असा मांडा

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा शाईचा पूर्ण सेट ३,६०० रुपयांना पडला आणि त्यात ४ बाय ६ चे १,२०० फोटो निघाले, तर शाई ३ रुपये. १०० तावांचं पाकीट ४०० रुपयांना, म्हणजे कागद ४ रुपये. झाले ७. दहात एक वाया जातो असं धरा, म्हणजे साधारण ७ रुपये ८० पैसे. प्रिंटर २४,००० रुपयांचा आणि त्यावर ८,००० फोटो निघतील असं धरलं तर आणखी ३ रुपये. म्हणजे एक फोटो पावणेअकरा रुपयांच्या पुढं पडतो. तुमच्या दुकानातले खरे आकडे याच पद्धतीनं मांडा. रोज पाच फोटोही निघत नसतील तर प्रिंटरपेक्षा लॅबला पाठवणं स्वस्त पडेल.

पुरात भिजलेले फोटो

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली, मिरज, पलूस, वाळव्यातल्या कितीतरी घरांतले फोटो पाण्यात गेले. तेव्हा लॅबचा फोटो आणि इंकजेटचा फोटो यांतला फरक महत्त्वाचा ठरतो.

लॅबमध्ये रसायनानं धुतलेला जुना फोटो पाण्याला बऱ्यापैकी तग धरतो. असे फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, हळूहळू सुटू द्या, चिखल पाण्यानंच जाऊ द्या, पुसू नका. मग चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून उशीर नको. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

डाय शाईच्या इंकजेट फोटोला हा उपाय करू नका, पाण्यात घातला तर उरलेला रंगही जाईल. तो आहे तसा सपाट ठेवा, आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मग हवेवर वाळवा. कुठला फोटो कसला आहे हे कळत नसेल तर पांढऱ्या कडेच्या कोपऱ्याशी रंगावर ओला कापूस हलकेच टेकवा. रंग कापसाला आला तर इंकजेटचा समजा.

स्टुडिओवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. श्रद्धांजलीचा किंवा लग्नाचा फोटो दिला की त्याची मूळ फाइल गाव आणि तारखेच्या नावानं दोन ठिकाणी जपून ठेवावी, त्यातली एक नदीकाठच्या दुकानाबाहेर. पूर आल्यावर गिऱ्हाईक आधी तुमच्याच दारात येतं.

दुकानात जाताना ही यादी सोबत ठेवा

- रंग किती? माणसांच्या फोटोला सहा.
- शाई डाय की पिगमेंट? मूळ बाटली तालुक्याच्या गावात मिळते का?
- डिस्क ट्रे, कार्ड ट्रे खोक्यात आहे का?
- वाया शाईचं पॅड स्वतः बदलता येतं का?
- जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं? वॉरंटी किती महिने की किती प्रिंट?
- आपल्याच मोबाइलमधला एक फोटो, आपल्यासमोर, आपण वापरणार त्याच कागदावर काढून बघितला का?
- पक्कं बिल घेतलं का? त्यावर मशीनचा सिरीयल नंबर आहे का?